रानात सोबतीला आलेली

अजिंठ्याच्या सतरा नंबरच्या लेण्यात एक राजा उघड्या रानात झोपला आहे आणि एक सिंहीण त्याचे तळवे चाटते आहे. राजाचं नाव सुदास. शिकारीला निघाला, घोडा उधळला, लवाजमा कुठल्या कुठे मागे राहिला, आणि दमलेला राजा होता तिथेच आडवा झाला. त्याला फाडून खाणं सिंहिणीला अवघड नव्हतं. ती तळवे चाटत बसली. चित्रात पुढे दोघं एकमेकांजवळ बसलेले दिसतात. त्याच्याही पुढे ती सिंहीण पोटच्या लेकराला घेऊन माणसांच्या नगरात येते. लेकरू माणसाचं आहे, आई सिंहीण आहे, आणि ती कुठलंही सोंग न घेता, चार पायांवर, भर रस्त्यानं राजदरबारापर्यंत जाते. आजूबाजूची माणसं घाबरून बाजूला होतात. राजा मात्र पोराला आपलं म्हणतो.

हे चित्र पाचव्या शतकातलं आहे. एकटा पुरुष, त्याच्यापुढे आलेला अमानुष जीव, आणि त्या दोघांत भीतीच्या जागी उगवलेली माया, अशी ही कथा. आज जगभर या प्रकारच्या प्रेमकथांना मोठा वाचक आहे. 2017 साली आलेल्या ‘द शेप ऑफ वॉटर’ या चित्रपटात प्रयोगशाळेत साफसफाई करणारी एक मुकी बाई तिथे कोंडलेल्या जलचर प्राण्याच्या प्रेमात पडते. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पुरस्कारासह चार ऑस्कर मिळाले. मराठी वाचकाला असलं काही हाती आलं की ते परदेशातून आलंय असं वाटतं. जळगाव-धुळ्याच्या वाचकाला तरी तसं वाटायला नको. त्याच्या उंबऱ्यापासून काही तासांच्या अंतरावर या विषयाची अख्खी भिंत रंगवलेली आहे.

अजिंठा आज जिल्ह्यानं छत्रपती संभाजीनगरचा असला तरी सतरा नंबरच्या लेण्याचं खानदेशाशी नातं जुनं आहे. हे लेणं कोरवून घेणारा राजा वाकाटक सम्राट हरिषेणाचा मांडलिक होता. त्याचं घराणं ऋषीक देशावर राज्य करत होतं आणि ऋषीक म्हणजेच आजचा खानदेश, असं संशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडलं. लेण्यातल्या शिलालेखात या राजाचं दुःखही नोंदलेलं आहे. रविसांब नावाचा त्याचा धाकटा भाऊ अकाली गेला. त्या शोकानं त्याचं मन संसारातून उडालं आणि तो दानधर्माकडे वळला. भाऊ गमावलेल्या माणसानं जे लेणं उभं केलं, त्याच्या भिंतींवर एकटी पडलेली माणसं पुन्हा पुन्हा दिसतात. आणि हे लेणं विहार होतं. दिवाणखान्यासारखा मोठा मंडप आणि भोवती भिक्षूंच्या खोल्या. बायको, घर, लेकरं मागे टाकून आलेले पुरुष या चित्रांच्या शेजारी झोपत आणि उठत होते. एकट्या पुरुषाकडे रानातून कोणीतरी येतं, ही गोष्ट त्यांनी रोज डोळ्यांसमोर ठेवली होती.

त्याच लेण्याच्या उजव्या भिंतीवर या गोष्टीची दुसरी बाजू आहे. सिंहल नावाचा व्यापारी पाचशे सोबत्यांना घेऊन समुद्रावर निघतो. जहाज फुटतं. ताम्रद्वीपाच्या किनाऱ्यावर सुंदर बायका या बुडत्यांना वाचवतात, घरी नेतात, जेवू घालतात, त्यांच्याशी संसार मांडतात. त्या राक्षसिणी आहेत हे सिंहलाला उमगतं तेव्हा मुलंबाळंही झालेली असतात. एक शुभ्र उडता घोडा सुटकेला येतो आणि त्याची अट एकच, मागे वळून बघायचं नाही. किनाऱ्यावरून बायका हाका मारतात, पोरं पुढे धरतात. सोबत्यांना राहवत नाही. जे वळून बघतात ते घोड्यावरून खाली पडतात आणि खाल्ले जातात. एकटा सिंहल वाचतो. मग त्याची राक्षसीण लेकरू कडेवर घेऊन त्याच्या मागोमाग त्याच्या देशात येते, नवऱ्यानं टाकलं म्हणून राजाकडे दाद मागते. राजा तिच्या रूपावर भाळतो, तिला महालात ठेवून घेतो. रात्रीत महाल खलास होतो आणि सकाळी गिधाडं घिरट्या घालताना दिसतात.

दोन्ही गोष्टींत अमानुष स्त्री लेकरू घेऊन राजाच्या दारी येते. पहिलीत ती आहे तशी येते आणि तिचं पोर दरबारात स्वीकारलं जातं. दुसरीत ती सोंग घेऊन येते आणि सगळ्यांचा नाश करते. दोन्ही गोष्टी एकाच छताखाली रंगवून घेणाऱ्यांच्या मनात काय होतं ते आज सांगता येणार नाही. पण दोन्ही ओळीनं पाहिल्या की या कथाप्रकाराचं मर्म हाताला लागतं. समोरचा जीव किती भयंकर आहे यावर इथे काहीच ठरत नाही. त्यानं आपलं रूप लपवलं आहे की उघडं ठेवलं आहे, आणि समोरच्या एकट्या माणसाला ते रूप पाहूनही तिथे थांबावंसं वाटतं का, यावर सगळं ठरतं.

सुदासाची गोष्ट पुढे गोडगोड होत नाही. सिंहिणीचा मुलगा सौदास मोठा होतो, गादीवर बसतो आणि त्याला माणसाच्या मांसाची चटक लागते. प्रजा त्याला हाकलून देते. सुतसोम नावाचा राजपुत्र, म्हणजे त्या जन्मीचा बोधिसत्त्व, त्याला अखेर माणसांत आणतो. वेगळ्या योनीतल्या दोघांच्या प्रेमाचा हिशोब पुढच्या पिढीला चुकवावा लागतो, हे कथाकारानं लपवलेलं नाही. तरीही चित्रकारानं तळवे चाटणाऱ्या सिंहिणीला तिची जागा दिली. सिंहलाच्या भिंतीवरही एक गोष्ट मनातून जात नाही. मागे वळून बघणारे ते सोबती मूर्ख म्हणून कथेत मरतात, पण पोरांच्या हाका ऐकून ज्यांच्यानं राहवलं नाही ती माणसं मूर्ख कशी? त्यांच्यासाठी तो संसार खरा होता.

दोन नंबरच्या लेण्यात हारिती आहे. ही राजगृहाची लेकरं पळवून खाणारी यक्षिणी. तिला स्वतःची पाचशे मुलं. बुद्धानं तिचा सगळ्यात धाकटा मुलगा भिक्षापात्राखाली लपवला. आपलं एक पोर दिसेना म्हणून ती वेडीपिशी झाली, तेव्हा त्यानं तिला विचारलं की पाचशेतलं एक गेलं तर तुझी ही गत, ज्यांचं एकुलतं एक गेलं त्यांचं काय? तिनं हिंसा सोडली. मग खायचं काय, हा प्रश्न उरला. त्याचं उत्तर असं ठरलं की विहारातले भिक्षू रोज आपल्या अन्नातला वाटा तिच्यासाठी काढतील. अजिंठ्यात ती नवऱ्याशेजारी, पांचिकाशेजारी, ऐसपैस बसली आहे. खाली पीठावर मुलांची शाळा कोरली आहे. एका टोकाला हातात छडी घेतलेला मास्तर, त्याच्यापुढे अभ्यासाला बसलेली शहाणी पोरं, आणि त्याची नजर पोचत नाही तिकडे मागच्या बाकावरच्यांची एडक्यांशी मस्ती. लेकरं खाणारीच्या पायाशी कोणी शाळा कोरावी, यात केवढी समज आहे! सिंहलाच्या कथेतला घोडा राक्षसिणीपासून पळायला शिकवतो. हारितीची कथा तिच्या रोजच्या जेवणाची सोय करते. प्रेमकथेला दुसरी जास्त कामाची.

याच भिंतींपुढे एकोणिसाव्या शतकात एक माणूस वर्षानुवर्षं उभा राहिला. मद्रास सैन्यातला अधिकारी रॉबर्ट गिल 1844 साली अजिंठ्याची चित्रं उतरवून घेण्याच्या कामावर नेमला गेला. तो वाघांचा नामांकित शिकारीही होता. घरच्यांपासून दूर, अजिंठा गावात मुक्काम, आणि सोबत पारो नावाची तिथलीच बाई. 1856 मध्ये पारो गेली. तिची कबर अजिंठा गावात आहे. त्यानं जीव ओतून केलेल्या बहुतेक प्रतिकृती 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. 1879 मध्ये तो वारला आणि त्याचं दफन जळगाव जिल्ह्यात भुसावळला झालं. ना. धों. महानोरांनी या दोघांवर ‘अजिंठा’ ही दीर्घकविता लिहिली, तिच्यावर नितीन चंद्रकांत देसाई यांनी 2012 साली चित्रपट केला. यात राक्षस कोणी नाही. पण गावाच्या लेखी तो टोपीवाला परका आणि त्याच्या लोकांच्या लेखी ती परकी. एकट्या माणसाला परक्या जातीजमातीत सोबत मिळते तेव्हा दोन्हीकडच्यांना ते नातं अमानुष वाटू लागतं, हे अनुभवायला फार मागे जावं लागत नाही.

महाभारतातली हिडिंबा मराठी घरांत सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती बहुधा भयंकर नाहीतर गमतीची म्हणून. मूळ प्रसंग वेगळा आहे. लाक्षागृहातून निसटलेले पांडव रानात आले आहेत. कुंती आणि चारही भाऊ जमिनीवर निजलेत. एकटा भीम जागा आहे. राजवाड्यात वाढलेली आई मातीत झोपलेली पाहून तो तळमळतो आहे. अशा वेळी हिडिंब राक्षस बहिणीला सांगतो की माणसांचा वास येतोय, मारून घेऊन ये. हिडिंबा येते, भीमाला बघते आणि तिचं मन फिरतं. ती सुंदर रूप घेते खरी, पण पहिल्याच भेटीत सगळं सांगून मोकळी होते. मी राक्षसीण आहे, भावानं तुम्हाला मारायला पाठवलंय, मला तुम्ही हवे आहात, चला तुम्हाला इथून वाचवते. सिंहलाच्या बायकोनं जे कधीच सांगितलं नाही ते ही आल्या आल्या सांगते.

पुढचं बोलणं ती भीमाशी करत नाही, कुंतीशी करते. हात जोडून म्हणते की बाईच्या जिवाला प्रेमाचा त्रास कसा होतो ते तुम्हाला कळतं. युधिष्ठिर अट घालतो. दिवसा भीमाला घेऊन जा, सूर्य मावळायच्या आत परत आणून सोड. मूल होईपर्यंत हा करार चालतो. घटोत्कच जन्मतो आणि पांडव वाट चालू लागतात. त्या घरानं हिडिंबेला नाकारलं नाही, पण तिच्यासाठी दिवस मोजून दिले. कुरुक्षेत्रावर घटोत्कच कर्णाच्या शक्तीनं पडतो तेव्हा पांडव रडतात आणि कृष्णाला आनंद होतो, कारण अर्जुन वाचला. हिडिंबेचं त्या रात्री काय झालं असेल, हे विचारायचं काम पुढच्या लेखकांसाठी शिल्लक राहिलं. ज्याला या विषयावर लिहायचंय त्यानं इथून सुरुवात करायला हरकत नाही.

मराठी मुलखात एकट्या पुरुषाची आणि अमानुष सोबतीची सगळ्यात हळवी गोष्ट मात्र स्त्री-पुरुषाची नाही. ती पैठणच्या गुणाढ्याची आहे. सातवाहन राजाच्या दरबारात हा पंडित होता. राजाला संस्कृत यावं म्हणून गुणाढ्यानं सहा वर्षं मागितली. दरबारातला दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत शिकवतो. त्यानं तसं करून दाखवलं तर संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडेन, अशी पैज गुणाढ्यानं लावली आणि हरला. बोलायला भाषाच उरली नाही तेव्हा तो विंध्याच्या रानात गेला. तिथे पिशाचं राहत. त्यांचं बोलणं ऐकून ऐकून तो त्यांची भाषा शिकला. काणभूती नावाच्या पिशाचानं त्याला सात कथा सांगितल्या. हा काणभूती मुळात शापित यक्ष, आणि आपली कथा सांगून झाल्याशिवाय त्याची सुटका नव्हती. एकाला सांगायला माणूस हवा होता, दुसऱ्याला ऐकायला भाषा हवी होती. रानात शाई नव्हती, म्हणून गुणाढ्यानं सात वर्षं स्वतःच्या रक्तानं सात लाख श्लोक लिहिले.

शिष्यांनी तो ग्रंथ राजाकडे नेला. पिशाचांची भाषा आणि रक्ताची अक्षरं बघून राजानं तो परत पाठवला. मग गुणाढ्य टेकडीवर आग पेटवून बसला आणि एकेक पान वाचून आगीत टाकू लागला. रानातली जनावरं चरणं सोडून भोवती जमली आणि डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली. तिकडे राजाच्या ताटात येणारं मांस सुकं पडलं, कारण जनावरं खातच नव्हती. त्याचं कारण शोधत राजा रानात पोचला तेव्हा सहा लाख श्लोक जळून गेले होते, एक लाख उरले होते. तीच ‘बृहत्कथा’. मूळ पैशाचीतला ग्रंथ आज उपलब्ध नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं तिच्यावरून संस्कृतात रचलेला ‘कथासरित्सागर’ आपल्याकडे आहे, आणि ही हकिगत त्याच्या सुरुवातीलाच येते. माणसांच्या दरबारानं वाळीत टाकलेल्याला पिशाचांनी जवळ केलं, त्याला भाषा दिली, कथा दिल्या. भारतातल्या गोष्टींचा सगळ्यात मोठा खजिना अशा सोबतीतून आला, असं खुद्द गोष्टी सांगणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय.

आता गावातल्या भुतांकडे यायला हवं. मराठी भुतांची यादी लांब आहे. मुंजा, हडळ, जखीण, झोटिंग, समंध, ब्रह्मराक्षस, वेताळ, विहिरीतल्या साती आसरा. पण ही भुतं झाली कशानं हे विचारलं की यादीतली बरीचशी भीती कमी होते. मुंजा म्हणजे मुंज झाली पण लग्नाआधीच गेलेला मुलगा. तो पिंपळावर राहतो. हडळ म्हणजे गरोदरपणी किंवा बाळंतपणात गेलेली बाई. एकाचा संसार सुरूच झाला नाही, दुसरीचा मध्येच तुटला. ज्यांचं जगणं अर्धं राहिलं त्यांची ही भुतं आहेत. 2024 साली आदित्य सरपोतदारांचा ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट देशभर चालला. त्यातलं भूत ओरडतं ते लग्नासाठीच. लोकांनी त्यात हसायला शोधलं आणि सापडलंही, पण खाली अर्धवट राहिलेल्या पोराचा हट्ट होता.

हडळीची एक गोष्ट थोड्याफार फरकानं गावोगाव सांगितली जाते. एकटा राहणारा पुरुष रात्री वाटेत तिला गाठतो, तिची केसांची बट कापून घेतो आणि लपवून ठेवतो. बट त्याच्याकडे आहे तोवर तिला जाता येत नाही. ती घर सांभाळते, स्वयंपाक करते, पोरं होतात. एके दिवशी बट तिच्या हाती लागते आणि ती भरल्या घरातून निघून जाते. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर हीच गोष्ट सीलच्या कातड्याची होते. तिथे कोळी त्या समुद्री बाईचं कातडं लपवतो. जपानच्या युकी-ओन्ना या हिमस्त्रीच्या कथेत काहीच लपवावं लागत नाही. तिथे नवऱ्यानं एक गुपित कोणाला सांगायचं नसतं, तो ते तिलाच सांगून बसतो आणि ती जाते. लाफ्काडिओ हर्ननं 1904 साली ‘क्वाइदान’मध्ये ती कथा इंग्रजीत आणली.

बट लपवणाऱ्या नवऱ्याच्या गोष्टीला प्रेमकथा म्हणणं कठीण आहे. ती डांबून ठेवल्याची गोष्ट आहे, आणि ती सांगणाऱ्या बाया-बापड्यांना हे कळत असणार, कारण शेवटी ती निघून जाते तेव्हा तिला कोणी दोष देत नाही. या कथेत हळवेपणा आणायचा तर एक जागा आहे, बट परत देण्याची. त्यानं आपल्या हातानं ती तिला द्यायची आणि मग बघायचं ती थांबते का. सुदासाच्या सिंहिणीला कोणी बांधलं नव्हतं.

खानदेशात आज ही गोष्ट कोणी नव्यानं लिहायला घेतली तर एकटा पुरुष शोधत फिरावं लागणार नाही. 2011 च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे साडेआठशेहून कमी मुली होत्या. त्या वेळची ती मुलं आता लग्नाच्या वयाला येताहेत. त्यांच्या आधीच्यांचीही अवस्था बघण्यासारखी आहे. शेती आहे, केळी आहे, कापूस आहे, घर बांधलेलं आहे, आणि तिशी-पस्तिशी उलटली तरी लग्न जमत नाही. वधूवर मेळाव्यात बायोडाटा देऊन परत आलेला, थकल्या आईसोबत राहणारा, रात्रीची लाईट आली की मोटार सुरू करायला एकटा शेतात जाणारा माणूस रावेर-यावलच्या कुठल्याही गावात आहे. त्याला कोणी राक्षस म्हणत नाही. त्याच्याबद्दल फार काही बोललंही जात नाही. त्याच्या वाटेवर हडळ उभी करायची म्हणजे काय करायचं हे नीट बघितलं पाहिजे. ती बाळंतपणात वेळेवर दवाखाना न मिळालेली बाई आहे, आणि त्याच्या वाट्याला सोबत नाही कारण मुली जन्माआधीच कमी केल्या गेल्या. दोघांचं एकटेपण एकाच मुळातून आलेलं आहे. रात्रीच्या त्या बांधावर त्यांची गाठ पडली तर एकमेकांना घाबरण्यापेक्षा त्यांना एकमेकांना सांगण्यासारखं पुष्कळ आहे. खानदेशाची अशी प्रेमकथा इथेच दडलेली आहे, आणि ती लिहिणाऱ्यानं हडळीच्या उलट्या पावलांपेक्षा तिच्या मरणाकडे आधी बघावं.

भीती खोटी मानायचं मात्र कारण नाही. 2017 साली चाळीसगाव तालुक्यात एका नरभक्षक बिबट्यानं माणसं मारली, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात त्याला गोळी घालावी लागली. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना रानातून आलेल्या सिंहिणीचं चित्र नुसतं सुंदर वाटणार नाही. सातपुड्यातले आदिवासी वाघदेव पुजतात तेव्हा वाघ काय करू शकतो हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. दाताची खरी भीती असली तरच तळवा चाटण्याला अर्थ येतो. दात काढून टाकलेला गोंडस राक्षस या कथांना मारून टाकतो, आणि बाजारातल्या पुष्कळ प्रणयकथांची हीच कमजोरी आहे.

सातपुड्यातच अस्तंबा आहे. धडगाव तालुक्यातलं हे शिखर पूर्वी धुळे जिल्ह्यात होतं, 1998 मध्ये नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तेव्हा तिकडे गेलं. दिवाळीच्या दिवसांत, धनत्रयोदशीपासून, हजारो माणसं तिथे चढून जातात. त्यांत भिल्ल-पावरा तरुण मोठ्या संख्येनं असतात. वर अस्तंबा ऋषी आहे, म्हणजे अश्वत्थामा. महाभारतातला हा माणूस झोपलेल्या मुलांना मारतो, गर्भावर अस्त्र टाकतो, आणि कृष्ण त्याला शाप देतो की तीन हजार वर्षं तू एकटा भटकशील, कोणाशी बोलू शकणार नाहीस, तुझ्या अंगाला रक्त-पुवाची दुर्गंधी येत राहील. एकटा माणूस आणि राक्षस हे दोन्ही इथे एकाच देहात आहेत. लोक सांगतात की तो अजून या डोंगरांत, नर्मदेच्या काठानं फिरतो आणि कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागतो. शहरातल्या वाचकाला ही भुताची गोष्ट वाटते. डोंगरातल्या माणसांनी मात्र त्याला टाळलेलं नाही. वर्षाच्या सगळ्यात मोठ्या सणाला घरदार सोडून ती त्याच्या भेटीला जातात. ज्याला शापानं बोलायची बंदी केली त्याच्याकडे दरवर्षी चालत जाणं, ही प्रेमकथा म्हणायची नाही तर काय म्हणायचं?

याच डोंगरांतली दुसरी हकिगत सांगितल्याशिवाय हा विषय वाचकाच्या हाती देऊ नये. सातपुड्याच्या पट्ट्यात बायांना डाकीण ठरवलं जातं. घरात कोणी आजारी पडलं, गुरं मेली, पीक गेलं की भगताच्या तोंडून एखादीचं नाव येतं, आणि मग तिला मारहाण, तिला गावाबाहेर काढणं, कधी जीवच घेणं. ती बहुधा एकटी असते. विधवा असते, नाहीतर तिच्या नावावर थोडी जमीन असते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते या भागात गावोगाव फिरून हे थांबवायचं काम करत आले आहेत. याच समितीचे नरेंद्र दाभोलकर यांचा खून 20 ऑगस्ट 2013 रोजी झाला. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते, भूत लावते, सैतान आहे असं जाहीर करून तिचं जगणं मुश्कील करणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे.

राक्षसाच्या प्रेमकथांकडे या वस्तुस्थितीसकट बघायला हवं. ‘ती माणूस नाही’ हे वाक्य गोष्टीत उत्कंठा वाढवतं आणि गावात मारेकरी गोळा करतं. म्हणून अशी कथा लिहिणाऱ्यावर जबाबदारी आहे. एकटा माणूस समोरच्या भयंकर जिवाकडे बघतो आणि पळ काढत नाही, दगड उचलत नाही, हे त्यानं इतकं खरं करून दाखवायला हवं की वाचकाच्या मनात गावातल्या त्या एकट्या बाईलाही जागा व्हावी. मराठी भयकथेत कारागिरीची कमी नाही. नारायण धारपांनी आणि रत्नाकर मतकरींनी दोन पिढ्यांना रात्री जागवलं. मतकरींच्या गूढकथांत भीतीच्या पोटात दुःख असतं हे वाचकांना माहीत आहे. तिथून पुढे एक पाऊल टाकून भयंकराला घरात घेण्याची कथा मात्र आपल्याकडे थोडीच लिहिली गेली.

राजस्थानात ती विजयदान देथांनी लिहिली. ‘दुविधा’त लग्न करून आणलेल्या बायकोला टाकून व्यापारी धंद्यासाठी निघून जातो आणि एक भूत त्याचं रूप घेऊन तिच्याकडे येतं. इथे एकटी ती आहे आणि अमानुष तो. पण हे भूत सिंहलाच्या बायकोसारखं वागत नाही. रूप उसनं घेतलंय खरं, तिला मात्र ते पहिल्याच रात्री सांगतं की मी भूत आहे, ठेवायचं की नाही ते तू ठरव. ती ठेवून घेते. मणी कौल यांनी 1973 साली याच कथेवर ‘दुविधा’ केला आणि अमोल पालेकरांनी 2005 साली ‘पहेली’. देथांच्या कथेत खरा नवरा परत आल्यावर एक धनगर भुताला युक्तीनं चामड्याच्या पिशवीत कोंडतो, त्याचा निकाल लागतो, आणि तिनं काय करावं हे तिला कोणी विचारत नाही. पालेकरांच्या चित्रपटात भूत सुटतं आणि नवऱ्याच्या देहात शिरून तिच्याकडे परत येतं. पहिला शेवट जास्त खरा वाटतो, आणि तो आहेच. पण दुसरा शेवट पाहावासा वाटतो, हेही खोटं नाही. नव्या लेखकाला या दोन शेवटांमधून वाट काढायची आहे. भुताला पिशवीत घालायचं नाही आणि त्याला माणसाचा देहही उसना घ्यायला लावायचा नाही. त्याला आहे तसं घरात आणायचं, आणि मग आईला काय सांगायचं, शेजारी काय म्हणतील, जेवायला काय वाढायचं, हे प्रश्न कथेत घ्यायचे. हिडिंबेनं आपलं गाऱ्हाणं कुंतीपुढे मांडलं होतं. खानदेशातल्या त्या बांधावरच्या माणसाच्या घरीही एक आई आहे, आणि तिनं दार उघडलं तर काय होईल, हे अजून कोणी लिहायचं आहे.